सुगीपर्यंतचं शेत

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
१४ सप्टेंबर २०२५

वहिनी,

पाकिटावर तुमच्या नावाआधी काय लिहायचं यातच बराच वेळ गेला. हात सवयीनं 'सौ.' लिहून मोकळा झाला. ते खोडलं, तर खोडलेलंच जास्त दिसायला लागलं. मग दुसरं पाकीट घेतलं आणि नुसतं नाव लिहिलं. पोस्टमनला काय समजायचं ते समजो.

तुमचा मेसेज मिळाला. "श्रेयाला तिच्या बाबाचे गेम हवेत. बाकी काही नको." मी उत्तर लिहायला घेतलं तोवर तुम्ही मला पुन्हा ब्लॉक केलं होतं. दिवसभर मी लोकांच्या घरी नेट पोचवत फिरतो, खांबावर चढून वायरी ओढतो, आणि माझ्याच पुतणीपर्यंत पोचायचं तर पोस्टाचं तिकीट चिकटवावं लागतंय. रागावून लिहीत नाही. तुमच्या जागी मी असतो तर पत्तासुद्धा कळू दिला नसता. परभणीचा पत्ता तुमच्या मैत्रिणीनं, सरिताताईंनी दिला. त्यांना बोलू नका, मीच त्यांच्या मागे लागलो होतो.

आईला विचारलं. सरळ विचारलं, कारण स्वतःच्या घरात चोरी करायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दिवाळीला नातीला घेऊन या म्हणावं. मग गेम बी देते आन् तो गेमचा डबा बी देते."

मी म्हटलं, "आई, तिच्या बापाच्या वस्तू आहेत त्या."

"माझ्या लेकाच्या हायेत," ती म्हणाली.

दोन्ही खरंच आहे. दुसऱ्या दिवशी बघतो तर टीव्हीखालच्या सगळ्या सीडी तिच्या कपाटात गेलेल्या आणि कपाटाची किल्ली तिच्या कमरेला.

ती अजून तेच बोलते, हे तुमच्यापासून लपवत नाही. "चार्ट पेपरापायी गेला माझा लेक." भाजी चिरताना म्हणते, पिशोरच्या आवडाआत्याशी फोनवर म्हणते, कधी नुसतीच भिंतीकडं बघून म्हणते. श्रेयानं शाळेच्या फळांच्या तक्त्यासाठी बापाला फोन केला, दादा वाळूजच्या कामावरून सुटल्यावर घरी यायच्या ऐवजी औरंगपुऱ्याच्या बाजाराकडं वळला, आणि वाटेत तो ट्रक. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून सांगून तिचं हे पाठ झालंय. पण जूनमध्ये त्या संध्याकाळी तिनं ते श्रेयाच्या तोंडावर म्हटलं आणि तुम्ही बॅग भरलीत. हे ऐकत माझी पोरगी मोठी होणार नाही, एवढंच तुम्ही दारात बोललात. तुम्ही बरोबर केलंत. हे मी आईलाही सांगून बसलोय. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्या ताटात पोळी वाढायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही.

पण आईबद्दल एवढंच लिहून थांबलो तर तेही खोटं होईल. दहाव्याच्या दिवशी आवडाआत्या तुमचं कुंकू पुसायला उठली तेव्हा "बस खाली, माझ्या सुनंच्या कपाळाला हात लावायचा नाय," असं म्हणणारी आईच होती. एकाच बाईच्या पोटात दोन्ही कसं मावतं, मला कळत नाही.

तर मी असं ठरवलंय. सीडी राहू देत तिच्याकडं. मी त्यांची नक्कल काढतो. त्या सीडी लॅपटॉपला वाचता येत नाहीत. त्या वाचतो फक्त दादाचा टीव्हीला जोडायचा पांढरा डबा, तुमच्या लग्नाआधी त्यानं दुबईहून आलेल्या मित्राकडून घेतलेला. म्हणून सीडी डब्यातच घालायची, डब्याला नेटची वायर लावायची आणि वायरीचं दुसरं टोक माझ्या लॅपटॉपला. डबा वाचत जातो आणि वाचलेलं इकडं पाठवत जातो. वायरी जोडणं हा माझा धंदाच आहे, त्यामुळं त्याची चिंता नाही. चिंता डब्याच्या सीडी वाचणाऱ्या डोळ्याची आहे. म्हातारा झालाय, सीडी घातली की आधी बराच वेळ टकटक करतो आणि मग मनावर घेतो.

एकदा नक्कल झाली की आईच्या अटीत जीव उरत नाही. श्रेयाला बापाचे गेम मिळतील आणि त्यासाठी तिला या घरात येऊन ते वाक्य ऐकावं लागणार नाही. तुम्ही काही करू नका. उत्तरही देऊ नका, नको वाटत असेल तर.

शिवम


२६ सप्टेंबर २०२५

वहिनी,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. "शेतीवाला आधी पाठवा. बाकीचे नसले तरी चालतील. ती झोपताना बिजलीचं विचारते." तीन वाक्यं आली, माझी तेवढ्यावर दिवाळी झाली. यंदा आपल्याकडं दुसरी दिवाळी नाहीच.

काम सुरू आहे, पण सुरळीत नाही. पावसानं यंदा ताळतंत्र सोडलंय. अर्ध्या शहराच्या वायरी पडल्यात, लोक फोनवर अशा शिव्या देतात जणू ढग मीच पाठवले. घरी आलो की लाईट जाते. नक्कल अर्धी झालेली असली आणि लाईट गेली की पहिल्यापासून सुरुवात. तरी बोटीच्या शर्यतीचा आणि त्या बेडकाचा, असे दोन गेम उतरवून झाले.

चोरीची पद्धत सांगतो, म्हणजे तुम्हाला जरा हसू येईल. आई अंघोळीला गेली की किल्ली खुंटीवर असते. तेवढ्यात कपाटातून एक सीडी काढायची. संध्याकाळी ती देवळात हरिपाठाला गेली की डबा लावायचा. दुसऱ्या दिवशीच्या अंघोळीला ती सीडी परत आणि दुसरी बाहेर. अंघोळ लवकर आटपली तर माझी धांदल.

आबांनी मात्र पकडलं. त्यांना वाटलं मी गेम खेळतोय. दारात येऊन उभे राहिले. थोरला लेक गेल्यापासून ते खुर्चीतून उठून कुठं येत-जात नाहीत, तुम्हाला माहीत आहे. म्हणाले, "काय करतो रे?" मी खरं ते सांगितलं.

"वायरीतून जातं व्हय सगळं?"

"जातं."

"मग इथलं कमी व्हत नाय?"

"नाही आबा. इथलं इथं राहतं, तिथंही पोचतं."

त्यांनी वाकून डब्याचा निळा दिवा बघितला. मग "बरंय" म्हणून गेले. तेव्हापासून आई देवळातून परत आली की ते फाटकाजवळ एवढ्या जोरात खोकतात की शेजारच्या मोतीराम काकांनी त्यांच्यासाठी खोकल्याचं औषध आणून दिलं.

आता शेतीवाल्याचं. त्याच्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे श्रेयाचं आणि दादाचं शेत: बिजली गाय, कोंबड्या, विहिरीजवळचा मका, जे काही त्यांनी तीन वर्षं जेवणानंतर चटईवर बसून केलं ते. ते डब्याच्याच पोटात साठलेलं असतं. ते मी पहिल्याच दिवशी उतरवून ठेवलंय, त्याला आता काही होत नाही. पण दुसरी गोष्ट सीडी. सीडीशिवाय ते शेत उघडत नाही. आणि ती नेमकी कपाटातल्या आतल्या कप्प्यात आहे. त्याची किल्ली आई गळ्यातल्या दोऱ्याला बांधून ठेवते, अंघोळीलाही काढत नाही. नात कोणता गेम मागणार हे तिला बरोबर ठाऊक आहे.

मी गळ्याला हात घालणार नाही, चोराचेही काही नियम असतात. आबा म्हणाले, "दसरा होऊ दे. मी बोलतो तिच्याशी." आबा जूनपासून कुणाशीच काही बोललेले नाहीत. त्यांनी आपणहून असं म्हटल्यावर मी थांबायचं ठरवलं.

श्रेयाला विचारा, आबा आठवतात का? "चार दिवसांत मका? आमच्या पिशोरात असा मका आला असता तर मी कशाला कंपनीत मरायला आलो असतो?" रोज तेच म्हणायचे, आणि रोज ती तेवढीच हसायची. त्या गेममधल्या तिसऱ्या ऋतूला 'सुगी' हे नाव आबांनीच दिलं. आता मलाही त्याचं खरं नाव आठवत नाही.

शिवम


४ ऑक्टोबर २०२५

वहिनी,

वाईट बातमी आहे, आधीच सांगतो. मध्येच कळण्यापेक्षा बरं.

यंदा आपल्याकडं सण नाही, म्हणून दसऱ्याला मी घरात थांबलो नाही. दाराला तोरण नव्हतं, गोडधोड नव्हतं. गारखेड्यात खांब पडला होता, तिकडं गेलो. परवा रात्री दमून आलो तो जेवून झोपलो. काल संध्याकाळी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर भांड्यांच्या जाळीत, पेल्यांच्या शेजारी, पाच सीडी उभ्या करून निथळत ठेवलेल्या होत्या.

मी म्हटलं, "हे काय आहे?"

आई म्हणाली, "हत्याराला कुंकू लावल्याबिगर ऱ्हात नाय. सण नाय तर नाय. पण त्याचं हत्यार कशाला उपाशी ठेवायचं?"

तुम्हाला आठवत असेल. दसऱ्याला पाटावर आबांचे नट आवळायचे पाने आणि मापाचं व्हर्नियर, माझी वायरीची पक्कड, आणि शेवटी दादा मुद्दाम त्याच्या गेमच्या सीडी आणून मांडायचा. लग्नाआधी एकदा आईनं चिडून विचारलं होतं, "तुझं हत्यार कोणतं रे, सुदर्शन?" तेव्हापासूनची ती थट्टा. दरवर्षी तो सीडी स्वतः पाटावर ठेवायचा, काळी अक्षरं लिहिलेली बाजू वर करून, आणि आईचं बोट धरून त्या अक्षरांवर न्यायचा. "आई, इथं." आम्हाला वाटायचं लाडात येतो. तो असं का करतो हे आपल्यापैकी कुणीच कधी विचारलं नाही.

यंदा बोट धरायला कुणी नव्हतं. आईनं एकटीनं पाट मांडला. पाच असाव्यात म्हणून पाच निवडल्या. कव्हरावर गाय आहे म्हणून शेतीवाली सगळ्यात आधी, आतला कप्पा उघडून. कव्हरावरच कुंकू का नाही लावलंस विचारलं तर म्हणाली, "पूजा तलवारीची करायची का म्यानाची?" आणि चमकती बाजू वर, कारण तिला तीच सीडीचं तोंड वाटली. लिहिलेली बाजू मळकी, ती पाठ. तिचं काय चुकलं? न सांगता कुणालाही तसंच वाटेल. पण डब्याचा डोळा वाचतो ती नेमकी चमकती बाजू.

कुंकू गुळगुळीत सीडीवर ठरेना, म्हणून तेलाचं बोट लावलं. दुसऱ्या दिवशी ते पाण्यानं निघेना, म्हणून भांड्याची पावडर आणि काथ्या घेऊन घासलं. हलक्या हातानं घासलं, असं तिनं मला दोनदा सांगितलं. ताट घासतात तसं, गोल गोल. मला एक सीडी दिव्यासमोर धरून दाखवली. "बघ कशा लख्ख केल्या. जूनपासून धूळ बसलेली व्हती."

ती पुढं जे म्हणाली ते मी जन्मभर विसरणार नाही. शेतीवाली सीडी माझ्या हातात देऊन म्हणाली, "लाव बरं. मला बी बघू दे त्यांचं शेत."

आपणहून दिली वहिनी. ज्या सीडीसाठी मी एवढी सोंगं केली, ती तिनं आपल्या हातानं दिली.

मी लावली. आई गुडघ्यावर हात ठेवून टीव्हीसमोर बसली, हरिपाठाला बसते तशी. डबा टकटक करत राहिला. मग काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या, की सीडी वाचता येत नाही. पुसून पुन्हा लावली. पुन्हा त्याच ओळी.

"काय म्हणतंय?" आईनं विचारलं.

मी म्हटलं, "सीडी जुनी झालीय."

आबा खुर्चीतून माझ्याकडं बघत होते. तिच्याशी बोलायचं राहून गेलं होतं, ते आता बोलून उपयोग नव्हता.

श्रेयाला इतक्यात काही सांगू नका. मी प्रयत्न करतोय.

शिवम


१३ ऑक्टोबर २०२५

वहिनी,

आधी सीडीचं सांगतो, मग घरातलं.

कापूस, साबणाचं पाणी, टूथपेस्ट, सगळं करून पाहिलं. पैठण गेटला एकाकडं सीडी घासून गुळगुळीत करायचं जुनं मशीन आहे, त्याच्याकडं गेलो. त्यानं दिव्यासमोर धरून बघितली आणि विचारलं, "ये किसने मांजी?" आडवा ओरखडा असता तर डोळा तो ओलांडून जातो, म्हणाला. गोल ओरखडा तो ज्या रेघेवरून चालतो त्याच रेघेवर पडतो. इतर चार सीडी त्याच्या मशीनमधून जगल्या. त्या चारही मी उतरवून घेतल्या आहेत.

शेतीवालीचं तसं झालं नाही. पण नक्कल काढायच्या प्रोग्राममध्ये एक सोय असते. जिथं वाचता येत नाही तिथं रिकामी जागा सोडून पुढं जा, असं सांगता येतं. तसं सांगितलं आणि डबा चालू ठेवला. तीनदा लाईट गेली, तीनदा पहिल्यापासून केलं. शेवटी फाईल पूर्ण झाली. लॅपटॉपवर, डब्याचं सोंग घेणाऱ्या प्रोग्राममध्ये लावली, आणि वहिनी, शेत उघडलं. बिजली गोठ्याबाहेर उभी होती. मी उठून दार लावून घेतलं आणि पोटभर रडलो. दादा गेल्यावर पहिल्यांदाच.

पण ती जी जागा रिकामी राहिली, तिथं हिवाळा होता. सुगीचा शेवटचा दिवस संपला, शेतकरी घरात जाऊन झोपला, की पुढं पडदा काळा होतो आणि तिथंच थांबतो. किती वेळा करून पाहिलं. हे सगळं मी शेताच्या दुसऱ्या प्रतीवर केलं, श्रेयाच्या शेताला हात लावला नाही. तुम्ही म्हणाल, दुसरी सीडी घ्या. शोधली. एका परदेशी माणसाकडं दिसली, पण ती वेगळ्या देशासाठी काढलेली आहे, तिच्यात आपलं शेत उघडत नाही. नवं शेत करता येईल. ते श्रेयानं मागितलेलं नाही.

आता घरातलं.

काल, रविवारी, जेवताना आईनं विचारलं, "झाला का चालू?" मी म्हटलं, अर्धामुर्धा. ती म्हणाली, "आपलं नशीबच फुटकं. चार्ट पेपरापायी लेक गेला, आता त्याचा गेम बी गेला."

माझ्या डोक्यात काय गेलं कुणास ठाऊक. ताट पुढं सरकवलं आणि म्हटलं, "गेम नशिबानं नाही गेला. तुझ्या कुंकवापायी गेला."

तिला कळेना. मग मी सगळं सांगितलं. चमकती बाजू कोणती, डोळा कुठून वाचतो, तेल, पावडर, गोल गोल घासणं. दादा बोट का धरायचा तेही सांगितलं. थांबायला हवं होतं, पण थांबलो नाही. शेवटी पुन्हा म्हटलं, "श्रेया रोज झोपताना ज्याचं विचारते, ते तुझ्या हातानं गेलं."

आईचा हात भाकरीवर तसाच राहिला. मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मला कुणी सांगितलं व्हतं का? मी काय मुद्दाम केलं का रे? त्याच्या चांगल्यासाठीच केलं ना."

आबा जेवत होते. मान खाली घालूनच म्हणाले, "पोरीनं तरी कुठं मुद्दाम मागितला व्हता चार्ट पेपर."

एवढंच बोलले. जूनपासून साठवून ठेवलेलं एक वाक्य. मग पुढचा घास घेतला.

आई उठली. तिचं ताट तिनंच उचललं, भाकरी गाईच्या डब्यात टाकली, ओटा पुसला, आणि देवळात न जाता अंथरुणावर भिंतीकडं तोंड करून पडली. तेव्हापासून घरात फक्त भांड्यांचे आवाज आहेत. मी जे बोललो ते खरं होतं, पण मला त्यात काही जिंकल्यासारखं वाटत नाही. एका माणसाला जे ऐकायला लागू नये म्हणून एवढा खटाटोप केला, तेच मी दुसऱ्याला ऐकवून आलो.

शिवम


२५ ऑक्टोबर २०२५

वहिनी,

या पत्राबरोबर पार्सल आहे. खोकं मोठं बघून घाबरू नका. पांढरा डबा, दोन्ही रिमोट, सगळ्या सीडी आणि एक छोटी हार्ड डिस्क. हार्ड डिस्कमध्ये सगळ्या नकला आहेत, तुमच्या लॅपटॉपवर चालतील. कसं लावायचं ते वेगळ्या कागदावर लिहिलंय. काही अडलं तर सरिताताईंना निरोप द्या, मी त्यांच्या फोनवरून समजावून सांगेन.

मूळ सीडी पाठवायच्या हे माझं ठरलं नव्हतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी कामावरून आलो तर आई हॉलमध्ये खाली बसून एकेक सीडी जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळत होती. कपाटाच्या दोन्ही किल्ल्या समोर फरशीवर पडल्या होत्या. मी म्हटलं, "आणि दिवाळीची अट?"

"दिवाळी झाली," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ बसलो. शेतीवाली सीडी तिनं सगळ्यात शेवटी घेतली. दोन्ही बाजू उलटसुलट बघितल्या. मग लिहिलेली बाजू वर करून मला विचारलं, "आता बरोबर धरली ना?" मी हो म्हटलं. तिनं ती गुंडाळली.

दादा गेल्यावर ती खूप रडली होती, ते तुम्ही पाहिलंय. हे तसं नव्हतं. ती रडतच नव्हती. मला तेच जास्त भयंकर वाटलं. तिनं विचारलं, "पोरगी माझं बोलणं विसरली असंल का?" खोटं बोलता आलं असतं. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सीडी जुनी झाली म्हणून एकदा खोटं बोललो होतो, त्याचं काय झालं ते बघितलंय. मी म्हटलं, "नसेल विसरली." ती म्हणाली, "व्हय. मी बी नसते विसरले."

चार्ट पेपरचं ते वाक्य त्या रविवारनंतर तिच्या तोंडून एकदाही आलेलं नाही. आवडाआत्याचा फोन आला, आत्यानंच विषय काढला, तर आईनं "दूध उतू चाललंय" म्हणून फोन ठेवला. गॅस बंद होता.

मग तिनं मला कागद घ्यायला सांगितलं. तिला लिहिता येतं, पण माझं अक्षर पोरीला लागणार नाय, म्हणाली. मी विचारलं, "गेम पुढं का जात नाही, त्याचं काय लिहू? सीडी जुनी होती असं लिहू का? पोरीच्या मनात तुझ्याबद्दल आणखी काही नको."

"खोटं कशाला?" आई म्हणाली. "माझंच नाव घाल. मोठ्या माणसाकडून बी व्हतं, कळू दे तिला."

तिनं जे सांगितलं ते इथं जसंच्या तसं लिहितो. श्रेयाला वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. आई म्हणाली, नाही दाखवलं तरी चालेल, पण पोचव.

"श्रेया बाळा, तुझा शेतीचा गेम आजीनं बिघडवला. आजीला ठाऊक नव्हतं. मुद्दाम केलं नाय. तुझं बी तसंच हाय."

मी पुढं काय लिहू म्हणून थांबलो. तिनं विचारलं, "तिला कळंल ना?" मी म्हटलं, कळेल. "मग पुढचं नको," ती म्हणाली, आणि उठून देवाजवळ दिवा लावायला गेली.

तिनं भेटायला या असं लिहायला सांगितलेलं नाही. मीही लिहीत नाही. तुम्ही येणार नाही हे तिला आता ठाऊक आहे. टीव्हीखालची जागा रिकामी झालीय, तिथं आबा सारखे बघत बसतात. हे तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहिलेलं नाही, आहे तसं लिहिलं.

शेताबद्दल शेवटचं. श्रेयाला नीट समजावून सांगा. उन्हाळा, पावसाळा आणि सुगी, एवढं सगळं चालतं. सुगीच्या शेवटच्या दिवशी मात्र शेतकऱ्याला झोपू द्यायचं नाही. त्याआधी गेम बंद करायचा आणि आधी साठवलेल्या शेतापासून पुन्हा खेळायचं. तिच्या शेतात हिवाळा येणार नाही. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "बरंच हाय. बिजलीला थंडी नाय बाधायची."

आणि तुम्ही उघडाल तेव्हा घाबरू नका, विहिरीजवळचा तुकडा काळाच दिसेल. आधी मलाही ती जागा खराब झाली असं वाटलं. तसं नाही. दोघं शेवटचं खेळले त्या दिवशी दादानं तिथं मका पेरून ठेवलाय. पाणी घालायचं काम श्रेयाचं असायचं, म्हणून त्यानं ते तिच्यासाठी ठेवलं असणार. पाणी अजून घातलेलं नाही. मीही घातलं नाही.

शिवम